अवलंबनाचे व्याकरण : लिनक्स प्रणालीतील पॅकेज-विसंगती आणि तिचे निराकरण

प्रास्ताविक

संगणकाच्या साहाय्याने संहिता-संपादन करणे, बहुभाषिक कोशांची सिद्धता करणे किंवा एकाच कृतीच्या अनेक अनुवादांची समांतर मांडणी करणे ही कामे साहित्याभ्यासात आता नवी राहिलेली नाहीत. मात्र ज्या आज्ञावल्यांच्या आधारे ही कामे चालतात, त्यांच्या अंतर्गत रचनेकडे साहित्याभ्यासकाचे लक्ष सहसा जात नाही. ते जाते ते बहुधा अडचणीच्या प्रसंगी. एखादी आज्ञावली बसवू पाहावी आणि 'या पॅकेजला अमुक पॅकेज हवे आहे. परंतु ते बसवता येत नाही' असा संदेश पडद्यावर उमटावा. अथवा कालपर्यंत व्यवस्थित दिसणारी जोडाक्षरे प्रणाली अद्ययावत केल्यानंतर सुटी पडलेली आढळावीत, असे हे प्रसंग असतात. तंत्रज्ञांच्या बोलीत या स्थितीला 'डिपेन्डन्सी हेल', म्हणजे अवलंबनाचा नरक, असे नाव पडले आहे.

या नावातील त्रागा बाजूला ठेवला, तर मागे उरणारा प्रश्न तुलनाकाराला अपरिचित नाही. एक संहिता दुसऱ्या संहितेवर कोणत्या अर्थाने अवलंबून असते, ती दुसरी संहिता बदलली तर पहिलीचे काय होते, आणि अनेक परस्परविरोधी आवृत्त्यांतून सुसंगत समुच्चय कसा निवडावा, हे तिन्ही प्रश्न पाठचिकित्सेत आणि अनुवादविचारात वारंवार उद्भवतात. लिनक्स प्रणालीत त्यांना यंत्राला समजेल इतके काटेकोर रूप द्यावे लागले. त्या रूपाचा परिचय करून देणे, विसंगतीच्या निराकरणाची पद्धत समजावून सांगणे आणि देवनागरी संहितांच्या संदर्भात तिचे महत्त्व स्पष्ट करणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विवेचनासाठी मुख्यतः डेबियन हे वितरण आणि त्यावर आधारलेले उबुंटू यांची उदाहरणे घेतली आहेत.

१. पॅकेज, वितरण आणि भांडार

लिनक्स हे नाव काटेकोर अर्थाने केवळ प्रणालीच्या गाभ्याचे आहे. वापरणाऱ्याच्या हाती पडते ते 'वितरण' : गाभा, मूलभूत साधने, लायब्ररी, फॉन्ट आणि नित्योपयोगी आज्ञावल्या यांचा एकत्र पारखून सिद्ध केलेला संग्रह. इयन मर्डॉक यांनी १९९३ च्या ऑगस्टमध्ये डेबियनची घोषणा केली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झालेल्या डेबियन १३ या आवृत्तीत पॅकेजांची संख्या सुमारे ७० हजारांच्या घरात आहे. हा विस्तार पाहता कोणतेही एक पॅकेज एकाकी असू शकत नाही, हे उघड आहे.

पॅकेज म्हणजे काही फाईली आणि त्यांच्यासोबत जोडलेले एक वर्णनपत्र. या पत्रात पॅकेजचे नाव, आवृत्ती, जबाबदार व्यक्ती आणि इतर पॅकेजांशी असलेले संबंध नोंदलेले असतात. एकेक पॅकेज उलगडून जागेवर ठेवण्याचे काम डेबियनमध्ये 'डीपॅकेज' (बोलीत डीपीकेजी) ही आज्ञावली करते. हाती दिलेल्या पॅकेजपलीकडे तिची नजर जात नाही. आवश्यक ते आधार जागेवर नसतील, तर ती पॅकेज उलगडते, पण त्याची मांडणी अपुरी ठेवून तक्रार नोंदवते. हवे असलेले आधार भांडारातून शोधून, योग्य क्रमाने आणून बसवण्याचे काम तिच्यावरच्या स्तरातील 'ॲप्ट' या साधनाचे. ते १९९८ मध्ये प्रथम उपलब्ध झाले आणि १९९९ च्या डेबियन २.१ या आवृत्तीत समाविष्ट झाले. रेड हॅटच्या परंपरेत आरपीएम आणि यम, व २०१५ पासून फेडोरात यमच्या जागी आलेले डीएनएफ, अशीच द्विस्तर रचना आढळते. खालचा स्तर वस्तू जाणतो. वरचा स्तर संबंध जाणतो. अवलंबनाचे बहुतेक प्रश्न या दोन स्तरांमधील फरक ध्यानात न घेतल्याने अधिक गुंतागुंतीचे होतात.

२. संबंधांचे प्रकार

साहित्यविचारात 'प्रभाव' हा एकच शब्द ऋण, अनुकरण, रूपांतर, विडंबन अशा भिन्न संबंधांसाठी सैलपणे वापरला जातो, अशी तक्रार नेहमी केली जाते. डेबियनच्या नियमावलीने अशी सैल संज्ञा ठेवलेली नाही. तेथे प्रत्येक संबंधाला स्वतंत्र नाव आणि स्वतंत्र परिणाम आहे.

'डिपेन्ड्स' हा मूळ संबंध होय. ज्यावाचून पॅकेजचे काम चालूच शकत नाही, त्याचा निर्देश येथे असतो. 'प्री-डिपेन्ड्स' हा त्याचा अधिक कडक प्रकार : आधार केवळ असून भागत नाही, पॅकेज उलगडण्यापूर्वीच तो पूर्णपणे मांडलेला असावा लागतो. 'रेकमेन्ड्स' मध्ये सामान्यतः सोबत असावे, पण अपवादात्मक स्थितीत वगळता येईल असे आधार येतात. 'सजेस्ट्स' मध्ये केवळ उपयुक्त ठरू शकतील असे. ॲप्ट पहिल्या दोहोंसह 'रेकमेन्ड्स'ही आपोआप बसवते, 'सजेस्ट्स' मात्र बसवत नाही.

विरोधाचे संबंधही असेच वेगळे केलेले आहेत. 'कॉन्फ्लिक्ट्स' म्हणजे दोन पॅकेजे एकाच प्रणालीत एकत्र नांदू शकत नाहीत. 'ब्रेक्स' हा सौम्य प्रकार असून, एकाच्या येण्याने दुसऱ्याची अमुक आवृत्ती निकामी होते, एवढेच तो सांगतो. 'रिप्लेसेस' मुळे एका पॅकेजला दुसऱ्याच्या फाईलींवर अधिकार मिळतो. 'प्रोव्हाइड्स' हा संबंध विशेष लक्षणीय आहे. पत्रव्यवहार पोचवणारी कोणतीही एक आज्ञावली हवी असेल, तर विशिष्ट नावाऐवजी एका अमूर्त नावाची मागणी करता येते आणि अनेक पॅकेजे ते नाव धारण करू शकतात. भूमिका एक, पात्रे अनेक, असा हा व्यवहार आहे. याखेरीज 'हे किंवा ते' असा विकल्पही मांडता येतो.

काही पॅकेजांत स्वतःची अशी आज्ञावली नसते. ती केवळ संबंधांची बनलेली असतात. डेबियनमधील 'फॉन्ट्स-इंडिक' हे असे संग्राहक पॅकेज होय. ते बसवले, की प्रत्येक भारतीय लिपीची पॅकेजे त्याच्या पाठोपाठ येतात; त्यांतील 'फॉन्ट्स-देवा' हे पुन्हा संग्राहकच असून त्याच्यामार्फत लोहितसारखे देवनागरी फॉन्ट येतात. अनुक्रमणिका हाच ग्रंथ, अशी ही कल्पना आहे.

३. आवृत्ती आणि नाव

संबंध पॅकेजच्या नावाशी असतो, तसाच आवृत्तीशीही असतो. 'अमुक आवृत्ती किंवा तिच्यानंतरची' अशी अट घालायची, तर आवृत्त्यांचा पूर्वापार क्रम निर्विवाद असावा लागतो. डेबियनच्या गणनेत १.१० ही १.९ नंतरची आवृत्ती होय. दशांश अपूर्णांकाची सवय येथे दिशाभूल करते. मसुदा-आवृत्ती अंतिम आवृत्तीपूर्वी यावी म्हणून तिच्या क्रमांकात नागमोडी रेघेचे चिन्ह वापरतात आणि हे चिन्ह सर्व चिन्हांच्याच नव्हे, तर रिक्त जागेच्याही आधी मोजले जाते. मूळ लेखकाने क्रमांकपद्धतीच बदलली, तर वितरणकर्ता क्रमांकाच्या आधी एक युगांक जोडतो.

सामायिक लायब्ररींच्या बाबतीत हा विचार अधिक खोल जातो. अनेक आज्ञावल्यांना लागणारे काम एकाच लायब्ररीत ठेवावे आणि प्रत्येक आज्ञावलीने चालतेवेळी तिचा आधार घ्यावा, ही लिनक्समधील रूढ रचना. तिच्यामुळे जागा वाचते आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे लायब्ररीतील एक दोष दुरुस्त केला की सर्व आज्ञावल्यांना त्याचा लाभ होतो. मात्र लायब्ररीचा व्यवहार बदलला, तर जुन्या आज्ञावल्या कोसळतात. म्हणून प्रत्येक लायब्ररीला 'सोनेम' हे एक करारनाम दिलेले असते. करार टिकून असेपर्यंत आतील दुरुस्त्या कितीही झाल्या तरी नाव तेच राहते. करार मोडला की नाव बदलते. सी भाषेची जीएनयू लायब्ररी १९९७ पासून लिनक्सच्या प्रमुख यंत्रप्रकारांवर आपले नाव टिकवून आहे. जुनी वर्तणूक जुन्या खुणेखाली राखून नवी वर्तणूक नव्या खुणेखाली जोडत जाणे, ही तिची पद्धत. त्यामुळे जुन्या प्रणालीवर घडवलेली आज्ञावली नव्या प्रणालीवर बहुधा चालते; नव्यावर घडवलेली जुन्यावर मात्र अनेकदा चालत नाही. ही एकदिशता ठाऊक नसल्याने 'तीच फाईल सहकाऱ्याच्या संगणकावर चालते, येथे का नाही?' हा प्रश्न वारंवार विचारला जातो.

४. एक उदाहरण : लिबएसएसएल

सुरक्षित संपर्कासाठी वापरल्या जाणाऱ्या ओपनएसएसएल या प्रकल्पाची ३.० ही आवृत्ती २०२१ च्या सप्टेंबरमध्ये आली. तिने १.१ या मालिकेचा करार मोडला; अर्थातच लायब्ररीचे नावही बदलले. उबुंटूच्या २०.०४ या वितरणात 'लिबएसएसएल १.१' हे पॅकेज होते. एप्रिल २०२२ च्या २२.०४ मध्ये त्याच्या जागी 'लिबएसएसएल ३' आले आणि जुने पॅकेज भांडारातून वगळण्यात आले. वितरणातील स्वतःची पॅकेजे नव्या लायब्ररीच्या आधारे पुन्हा घडवलेली असल्यामुळे तेथे अडचण आली नाही. अडचण आली ती वितरणाबाहेरून, तयार स्वरूपात घेतलेल्या आज्ञावल्यांची. त्यांच्या वर्णनपत्रात 'लिबएसएसएल १.१' अशीच मागणी नोंदलेली होती आणि ती पुरवणारे कोणीही भांडारात उरले नव्हते.

अशा वेळी तीन मार्ग संभवतात. पहिला मार्ग, जुन्या वितरणातील लायब्ररीचे पॅकेज आणून बसवण्याचा. दोन्ही लायब्ररींची नावे भिन्न असल्याने त्या शेजारी शेजारी राहू शकतात, आणि आज्ञावली चालूही लागते. परंतु असे आणलेले पॅकेज नव्या प्रणालीच्या नोंदीतील कोणत्याही भांडाराशी जोडलेले नसते. त्यात उघडकीस येणारे सुरक्षादोष आपोआप दुरुस्त होत नाहीत. १.१.१ या मालिकेची मूळ प्रकल्पाकडून होणारी सर्वसामान्य देखभाल ११ सप्टेंबर २०२३ रोजी संपली, हे लक्षात घेता या मार्गाचा धोका स्पष्ट होतो. दुसरा मार्ग, वर्णनपत्रातील मागणीच खोडण्याचा किंवा नव्या लायब्ररीला जुने नाव देण्याचा. येथे संदेश नाहीसा होतो, विसंगती मात्र कायम राहते. ती बसवतेवेळी दिसण्याऐवजी चालतेवेळी प्रकट होते. तिसरा मार्ग, आज्ञावली मूळ स्रोतापासून नव्या लायब्ररीच्या आधारे पुन्हा घडवण्याचा किंवा निर्मात्याकडून तशी घडवलेली आवृत्ती मिळवण्याचा. १.१.१ वर चालणाऱ्या बहुतेक आज्ञावल्यांना नव्या मालिकेसाठी एवढे पुरेसे होते. ज्यांचा स्रोत उपलब्ध नाही त्यांच्या बाबतीत हा मार्ग बंद राहतो. स्रोताच्या उपलब्धतेचा आग्रह हा केवळ तात्त्विक नसतो, ते येथे दिसते.

५. निराकरणाचे तर्कशास्त्र

समजा, 'क' या पॅकेजला 'ख' आणि 'ग' हवे आहेत. 'ख' ला 'घ' ची पहिली आवृत्ती हवी आहे, 'ग' ला 'घ' ची दुसरी. आणि एका वेळी 'घ' ची एकच आवृत्ती बसू शकते. मग 'क' बसवणे अशक्य होते. आकृतीच्या रूपावरून याला हिरकाकृती अवलंबन म्हणतात. 'ख' ची वेगळी आवृत्ती असेल आणि तिची मागणी वेगळी असेल तर कोंडी फुटू शकते. परंतु त्या आवृत्तीचे स्वतःचे काही विरोध असू शकतात. प्रत्येक निवड पुढील निवडी बांधून टाकते.

हजारो पॅकेजांच्या संदर्भात हा शोध किती कठीण आहे, याचे उत्तर युरोपीय संघाच्या साहाय्याने २००४ ते २००७ या काळात चाललेल्या 'एडोस' या प्रकल्पातील संशोधकांनी दिले. रॉबेर्तो दी कॉस्मो आदींनी २००६ मध्ये दाखवून दिले की, दिलेल्या भांडारातून एखादे पॅकेज बसवता येते की नाही, हा प्रश्न बूलीय विधानांच्या पूर्ततेच्या प्रश्नाइतकाच अवघड आहे. प्रत्येक पॅकेज म्हणजे खरे किंवा खोटे असू शकणारे एक विधान. प्रत्येक अवलंबन म्हणजे 'हे असेल तर त्यांपैकी एक तरी असेल' असे सोपाधिक विधान. प्रत्येक विरोध म्हणजे 'ही दोन्ही एकाच वेळी खरी नाहीत' असे निषेधविधान. या सर्व विधानांना एकाच वेळी खरे ठरवणारी रचना शोधणे, म्हणजेच निराकरण. स्टीफन कुक यांनी १९७१ मध्ये या वर्गातील प्रश्नांची मूलभूत कठीणता सिद्ध केली होती. सर्वसाधारण स्थितीत त्यांना झटपट उत्तर देणारी कोणतीही पद्धत आजवर सापडलेली नाही. प्रत्यक्षातील भांडारे मात्र इतकी दुर्धर नसतात. म्हणून विधानपूर्तीची तंत्रे वापरणारी साधने व्यवहारात वेगाने चालतात. ओपनसुसेने २००८ मध्ये ११.० या आवृत्तीत असे साधन स्वीकारले, डीएनएफनेही त्याच घराण्यातील लायब्ररीचा आधार घेतला, आणि २०२५ मध्ये आलेल्या ॲप्ट ३.० मध्ये नवी निराकरण-यंत्रणा अंतर्भूत झाली.

उत्तर अस्तित्वात असणे ही अर्धीच बाब झाली. बहुधा उत्तरे अनेक असतात, आणि त्यांतील श्रेष्ठ कोणते हे तर्कशास्त्र सांगत नाही. एडोसनंतरच्या 'मान्कोसी' प्रकल्पाने (२००८–२०११) निराकरण-साधनांच्या स्पर्धा घेतल्या, तेव्हा दोन निकष मुद्दाम वेगळे ठेवले होते. 'पॅरनॉइड' म्हणजे साशंक या निकषानुसार कमीत कमी पॅकेजे काढावीत आणि असलेल्यांत कमीत कमी बदल करावा. 'ट्रेंडी' म्हणजे नवप्रिय या निकषानुसार काढलेली पॅकेजे कमी असावीतच, पण जास्तीत जास्त पॅकेजे अद्ययावतही असावीत. एकच प्रश्न, तेच भांडार. निकष बदलला की उत्तर बदलते. उपलब्ध प्रतीला शक्य तितके चिकटून राहणारा संपादक आणि सर्व साधनांच्या आधारे पाठ नव्याने सिद्ध करणारा संपादक यांच्यातील मतभेद याच स्वरूपाचा असतो. यंत्राने दिलेल्या उत्तरामागे असा एक निकष गृहीत धरलेला असतो, हे ओळखणे हे निराकरणाच्या साक्षरतेचे पहिले लक्षण मानावे लागेल.

६. निदानाची पद्धत

विसंगतीचा संदेश समोर आला की तो घालवण्याची घाई केली जाते. वस्तुतः तो संदेश हा पुरावा असतो आणि तो शेवटून आरंभाकडे वाचावा लागतो. 'क ला ख हवे, पण ते बसवले जाणार नाही' या वाक्यात दोष 'क' चा नसतो. 'ख' का बसत नाही, हे विचारत साखळीच्या टोकापर्यंत जावे लागते. तेथे सामान्यतः पुढीलपैकी एक कारण आढळते.

(अ) सूची शिळी असणे. भांडार बदललेले असते, पण संगणकावरील त्याची सूची जुनी असते. 'ॲप्ट अपडेट' या आज्ञेने सूची नवी होते आणि कित्येकदा प्रश्न तेथेच संपतो.

(आ) पूर्वीचे काम अर्धवट राहिलेले असणे. वीज गेल्यामुळे किंवा मध्येच थांबवल्यामुळे काही पॅकेजे उलगडलेली, पण न मांडलेली राहतात. त्यांची मांडणी पूर्ण करण्याची आज्ञा डीपीकेजीला देता येते आणि तुटलेली अवलंबने जुळवण्यासाठी ॲप्टमध्ये 'फिक्स-ब्रोकन' हा पर्याय आहे. या पर्यायाने सुचवलेली काढावयाच्या पॅकेजांची यादी वाचल्यावाचून त्यास संमती देऊ नये.

(इ) एखादे पॅकेज रोखून धरलेले असणे. विशिष्ट आवृत्ती बदलू नये म्हणून तिच्यावर 'होल्ड' अशी खूण करता येते. खूण करणारा विसरतो. यंत्र विसरत नाही. अशा पॅकेजांची यादी मागवता येते.

(ई) भांडारांचे मिश्रण होणे. स्थिर वितरणात अस्थिर शाखेतील किंवा दुसऱ्या वितरणातील भांडार जोडले, की एकमेकांसाठी न घडवलेल्या लायब्ररी एकत्र येतात. डेबियनच्या वर्तुळात अशा प्रणालीला 'फ्रँकनडेबियन' म्हणतात. एखाद्या पॅकेजच्या कोणत्या आवृत्त्या कोणत्या भांडारातून येतात, हे 'ॲप्ट पॉलिसी' दाखवते. मिश्रण टाळता येत नसेल, तर प्रत्येक भांडाराला अग्रक्रम देता येतो. सामान्य भांडाराचा अग्रक्रम ५००, बसवलेल्या आवृत्तीचा १००, मुद्दाम निवडलेल्या वितरणाचा ९९०. एक हजारांहून अधिक अग्रक्रम दिल्यास जुन्या आवृत्तीकडे परतण्याचीही मुभा मिळते.

(उ) भांडारच संक्रमणात असणे. २०२४ मध्ये डेबियन आणि उबुंटूमध्ये, ३२ अंकस्थानांच्या कालगणनेची २०३८ ची मर्यादा ओलांडण्यासाठी, शेकडो लायब्ररींची पॅकेजे 'टी६४' हे उपपद जोडून पुन्हा नावारूपाला आणली गेली. त्या महिन्यांत अस्थिर शाखेत अनेक पॅकेजे बसत नव्हती. अशा वेळी वाट पाहणे हेच निराकरण असते.

याखेरीज 'ॲप्टिट्यूड' हे साधन 'हे पॅकेज का आहे' आणि 'हे का बसत नाही' या दोन प्रश्नांची उत्तरे साखळीच्या रूपात देते, तसेच एकापाठोपाठ एक पर्यायी उत्तरेही सुचवते. कोणताही बदल करण्यापूर्वी त्याची रंगीत तालीम घेण्याची सोयही आहे. याउलट अवलंबनाकडे दुर्लक्ष करून बळाने बसवण्याचा जो पर्याय डीपीकेजीत आहे, तो वापरल्यास प्रणालीची नोंद आणि वस्तुस्थिती यांच्यात फारकत होते, व पुढचे प्रत्येक निराकरण त्या खोट्या नोंदीवर उभे राहते.

७. सुसंगत, तरीही अनिष्ट

तार्किकदृष्ट्या निर्दोष उत्तर अनर्थकारक असू शकते. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चित्रफितीत लायनस सेबॅस्टियन हे पॉप ओएस या वितरणावर 'स्टीम' हे खेळांचे पॅकेज बसवताना दिसतात. भांडारातील तात्पुरत्या विसंगतीमुळे ॲप्टला सापडलेले एकमेव उत्तर संपूर्ण दृश्य कार्यपटल काढून टाकणारे होते. ॲप्टने तसा इशारा दिला आणि संमतीदाखल एक पूर्ण वाक्य टंकित करण्यास सांगितले. वाक्य टंकित झाले. कार्यपटल नाहीसे झाले. मागितले होते ते सर्व पुरवले गेले, जे टिकावे असे न सांगताही अभिप्रेत होते ते गेले. त्यानंतर ॲप्टच्या कर्त्यांनी अत्यावश्यक पॅकेजे काढण्याची वाट अधिक अवघड केली. दोष केवळ वाचणाऱ्याचा होता की इशाऱ्याच्या लेखनशैलीचा, ही चर्चा बरीच झाली. इशारा हीदेखील एक संहिता असते आणि तिचा वाचक गृहीत धरूनच ती लिहावी लागते, हा तिचा निष्कर्ष.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड यांनी 'एक्सझेड' या संक्षेपण-साधनाच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत हेतुतः पेरलेला चोरदरवाजा उघडकीस आणला. दूरस्थ प्रवेशाला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढ्या निरीक्षणावरून ते त्याच्या मुळाशी पोचले. लक्षणीय बाब अशी की, ज्या ओपनएसएसएच आज्ञावलीवर हल्ला योजला होता, ती मूळ रूपात एक्सझेडच्या लायब्ररीवर अवलंबून नाही. काही वितरणांनी सिस्टिमडीशी संवाद साधण्यासाठी तिला एक जोड दिली. त्या जोडीमुळे सिस्टिमडीची लायब्ररी आली, आणि त्या लायब्ररीमागून एक्सझेडची. मूळ भाषेतून न होता तिसऱ्या भाषेमार्फत झालेल्या अनुवादात मधल्या भाषेतील प्रमाद जसे मूळ लेखकाच्या नावावर जमा होतात, तसे हे घडले. स्थिर वितरणांपर्यंत त्या आवृत्त्या पोचण्यापूर्वीच हा प्रकार उघड झाला, हे सुदैव. अवलंबन हा तर्काचा संबंध असतो, तसा विश्वासाचाही असतो. पहिल्याची तपासणी यंत्र करते, दुसऱ्याची करू शकत नाही.

८. पर्यायी रचना

विसंगती सोडवण्याऐवजी ती उद्भवूच नये, अशा रचनाही पुढे आल्या आहेत. स्नॅप आणि फ्लॅटपॅक या पद्धतींत आज्ञावली आपल्या लायब्ररी किंवा त्यांचा निश्चित संच सोबत घेऊन येते. २०१३ मध्ये आलेल्या डॉकरसारख्या कंटेनर-पद्धतीत संपूर्ण परिसरच बांधून दिला जातो. येथे विरोध मिटतो; पण लायब्ररीतील एका दोषाच्या दुरुस्तीचा लाभ सर्वांना मिळण्याची सोयही कमी होते, कारण प्रत्येक गाठोड्यातील प्रत वेगळी असते.

निक्स या पद्धतीचा विचार अधिक मूलगामी आहे. एल्को डोल्स्ट्रा यांच्या उट्रेख्ट विद्यापीठातील २००६ च्या प्रबंधात तिची सैद्धांतिक मांडणी आढळते. तेथे प्रत्येक पॅकेजचा पत्ता ते ज्या ज्या घटकांपासून घडले, त्या सर्वांच्या गणिती ठशावरून ठरतो. एक आधार बदलला, की पत्ता बदलतो. म्हणून कितीही आवृत्त्या एकत्र राहू शकतात. ग्विक्स ही प्रणालीही याच परंपरेतील. मोबदल्यात साठवणीची जागा आणि नवी परिभाषा शिकण्याचे श्रम द्यावे लागतात.

९. देवनागरी संहितांच्या संदर्भात

साहित्याभ्यासकाच्या दृष्टीने या सर्व विवेचनाचे प्रयोजन येथे आहे. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन शब्द घ्यावेत. पहिल्यात आदर आहे, दुसऱ्यात स्वयंपाक. आणि दोहोंतील भेद एका रेफाच्या आकारावर तोललेला आहे. दुसऱ्या शब्दातील अर्धा र पडद्यावर योग्य रीतीने उमटण्यासाठी युनिकोडमधील वर्णक्रम, फॉन्टमधील जोडाक्षरांचे नियम, आणि ते नियम लागू करणारी हार्फबझसारखी लायब्ररी, या तिन्हींची जुळणी लागते. हा र युनिकोडमध्ये दोन वर्णक्रमांनी लिहिता येतो. त्यामुळे दिसण्यात एकरूप असलेले दोन पाठ शोधयंत्राला भिन्न वाटू शकतात. 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे दिसायची, तर फॉन्टमध्ये तशी भाषानुसारी रूपे असावी लागतात आणि मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदलेलीही असावी लागते.

यांतील कोणताही दुवा अद्ययावत होताना बदलू शकतो. झीटेक या अक्षरजुळणीच्या साधनाने २०१३ मध्ये आपली जुनी मांडणी-लायब्ररी सोडून हार्फबझचा स्वीकार केला. मजकुराची फाईल एका अक्षरानेही न बदलता, दोन संगणकांवर अक्षरांची रुंदी, म्हणून ओळींचे तुटणे, म्हणून पृष्ठांक वेगळे होऊ शकतात, याचा अर्थ अशा बदलातून कळतो. पृष्ठ व ओळ यांच्या आधारे पाठभेद नोंदवणाऱ्या आवृत्तीच्या बाबतीत ही किरकोळ बाब मानता येत नाही. अवलंबन नोंदवून न ठेवणे म्हणजे आपल्या आवृत्तीचा एक साक्षीदार गमावणे होय.

यावर उपाय उपलब्ध आहेत. डेबियनचे 'स्नॅपशॉट' हे संग्रहस्थान २००५ पासूनच्या भांडाराची दिनांकवार रूपे जतन करते. त्यामुळे विशिष्ट दिवशीची प्रणाली पुन्हा उभारणे शक्य होते. एडोस प्रकल्पातील दी कॉस्मो यांच्याच पुढाकाराने, फ्रान्समधील इन्रिया या संस्थेच्या आश्रयाने, २०१६ मध्ये 'सॉफ्टवेअर हेरिटेज' हा स्रोतसंग्रह खुला झाला. पॅकेजांच्या परस्परसंबंधांचा अभ्यासक पुढे त्यांच्या जतनाकडे वळावा, यात अंतर्गत सुसंगती आहे.

समारोप

अवलंबनाच्या प्रश्नाचे निराकरण म्हणजे संदेश नाहीसा करणे नव्हे. संबंध कोणत्या प्रकारचा आहे, करार कोठे मोडला, निवडीचा निकष कोणता, आणि साखळीतील प्रत्येक दुव्याची जबाबदारी कोणाकडे आहे, या चार प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर निराकरण बहुधा आपोआप सुचते. ही वाचनाची पद्धत आहे, आणि संहितेच्या अभ्यासकाला ती नव्याने शिकावी लागत नाही. फक्त नव्या क्षेत्रात वापरावी लागते.

हस्तलिखितांच्या अखेरीस लेखक पुष्पिका लिहीत असे : प्रत कोणी केली, केव्हा केली, कोणत्या प्रतीवरून केली. एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तेव्हा शके १५०६ हा काल त्यांनी नोंदवून ठेवला. पुढील चार शतकांच्या पाठविचाराला तो आधार ठरला. संगणकावर सिद्ध होणाऱ्या आवृत्तीलाही अशा पुष्पिकेची गरज आहे. वितरणाचे नाव, भांडाराचा दिनांक, फॉन्ट, मांडणी-लायब्ररी आणि जुळणी-साधन यांच्या आवृत्त्या, इतका मजकूर त्यासाठी पुरेसा आहे. तो एका पृष्ठाहून अधिक होत नाही आणि पॅकेजांची यादी यंत्रच तयार करून देते. पुढील संपादकाला ही प्रत ज्या आधारावर उभी होती तो आधार पुन्हा उभारता येईल की नाही, हे त्या एका पृष्ठावर अवलंबून राहणार आहे.